वाचून दाखवायचं राहिलेलं पत्र

आई, तुझ्या शोकसभेत पाळकसाहेब म्हणाले, "बाईंनी या कंपन्यांच्या पट्ट्यातले शेकडो आत्मे प्रभूकडे आणले." मी पहिल्या बाकावर पप्पांशेजारी बसले होते. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मी पप्पांकडे. तू असतीस तर शेवटच्या बाकावरून उठून म्हणाली असतीस, "साहेब, सात बाया. त्यातल्या दोघी चहापुरत्या." रडू येत असताना हसू दाबायचं म्हणजे मोठी पंचाईत. पप्पांनी रुमाल तोंडावर धरला आणि मागच्या बायकांना वाटलं, आता हे कोसळले. एकीनं धावत जाऊन पाणी आणलं.

गेलेल्या माणसाबद्दल सगळे गोड बोलतात हे मला ठाऊक आहे. पण तुझ्याबद्दल चुकीचं गोड बोलत होते, याचा मला राग आला. एक जण म्हणाले, बाईंना कधी कुणी रागावलेलं पाहिलं नाही. उपासनेला उशीर होतोय म्हणून पप्पांची चप्पल गॅलरीतून खाली भिरकावणारी तू! "आता खाली उतरा, तिथंच घाला," असं वर सांगितलंही होतंस. दुसरे म्हणाले, त्यांनी आपलं कुटुंबही प्रभूच्या कामाला वाहून टाकलं. त्यावर मला हात वर करून सांगावंसं वाटलं की आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. मी गप्प बसले. गप्प बसण्यात मी हुशार आहे, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत?

ज्या मिशन संस्थेसाठी तू काम करायचीस, तिच्या कागदांवर तू 'सुवार्तिका', म्हणजे प्रभूची वार्ता सांगणारी, होतीस. स्वतःला तू तसं कधी म्हटलं नाहीस. "कुठं निघालीस?" असं विचारलं तर "भेटायला" एवढंच उत्तर. आधी बालवाडीची बाई, नंतर चाकणच्या कारखान्यांत कंत्राटावर आलेल्या माणसांच्या बायकांची बाई. दर बुधवारी संत तुकाराम नगरातून भोसरी, तिथं बस बदलून चाकण, आणि मग चालत नाणेकरवाडीतल्या पत्र्याच्या खोल्या. पिशवीत पवित्र शास्त्र, पाण्याची बाटली आणि तापाच्या गोळ्या. मी शाळेतून यायचे तेव्हा तू बुधवारी घरी नसायचीस. पप्पांची सेकंड शिफ्ट असली की झाकून ठेवलेलं मी एकटी जेवायचे. त्या बुधवारांचा राग मी बरीच वर्षं जपून ठेवला होता.

संध्याकाळी सात वाजता घरची प्रार्थना. तू नाणेकरवाडीतल्या एकेकीचं नाव घ्यायचीस. कुणाचं बाळंतपण जवळ आलेलं, कुणाच्या नवऱ्याला कंपनीनं ब्रेक दिलेला, म्हणजे दोन-तीन महिने घरी बसवलेलं. ती सगळी माणसं संपली की सर्वांत शेवटी माझं नाव यायचं. तोवर पप्पा दोनदा 'आमेन' म्हणून मोकळे झालेले असायचे. दहावीला असताना मी डोळे न मिटता म्हणाले होते, "आई, उद्या गणिताचा पेपर आहे, माझा नंबर जरा वर घे." प्रार्थना न थांबवता तू मला चिमटा काढलास. पण दुसऱ्या दिवसापासून माझं नाव पहिलं आलं. परीक्षा संपली आणि पुन्हा शेवटी गेलं.

त्या प्रार्थनेला आपण गुडघे टेकायचो, आणि गुडघे तेवढ्यासाठीच, हा तुझा कायदा. आपल्या ख्रिस्ती घरांतही पुष्कळ जण मोठ्यांच्या पाया पडतात. तुला ते चालायचं नाही. माणसाला हात जोडायचे, वाकायचं देवापुढं. माझ्या लग्नात सासरकडच्या थोरल्या मामांनी मी वाकेन म्हणून पाय पुढं केले, तर तू मध्ये शिरून त्यांचा हात हातात घेतलास आणि म्हणालीस, "मामा, आमच्यात सलाम करतात." मामा जेवणाच्या पंगतीपर्यंत फुगून बसले होते. मला तेव्हा लाज वाटली होती. आज त्या प्रसंगाची मला वेगळ्याच कारणानं आठवण येते आहे, ते पुढं सांगते.

आपलं खरं भांडण पत्रावरून. दर महिन्याला तुला सहकाऱ्यांना पत्र पाठवावं लागे. सहकारी म्हणजे तुझ्या कामासाठी प्रार्थना करणारी माणसं. नगरकडच्या दोन-तीन चर्चच्या मंडळ्या, पुण्यातली काही घरं, निगडीच्या प्राधिकरणातल्या एक निवृत्त शिक्षिका. तू फुलस्केप कागदावर लिहायचीस आणि मी ते टाइप करून, फोटो लावून पाठवायचे. 'प्रभूच्या नावानं सलाम' झाल्यावर तू जे लिहायचीस, ते वाचून मला डोक्याला हात लावायची वेळ यायची. 'या महिन्यात नवीन कोणी आलं नाही. सुनंदाच्या बाळाचा ताप उतरला. तिनं चहात आलं घातलं होतं. आम्ही प्रार्थना केली. टँकर दोन दिवस आला नाही.' संपलं पत्र.

मी तेव्हा हिंजवडीच्या कंपनीत नुकतीच लागले होते. ग्राहकांना जाणारे मेल लिहायचं काम. कुठला शब्द वाचून माणूस पुढं वाचतो आणि कुठला वाचून मेल बंद करतो, हे आपल्याला कळतं, अशी माझी समजूत झाली होती.

"आई, वाचणाऱ्याला काहीतरी घडलेलं लागतं."

"ताप उतरला की."

"पण त्यात प्रभूचं काम कुठं दिसतं?"

"ज्याला ताप होता त्याला विचार," तू म्हणालीस आणि भाकरी उलटलीस.

सुनंदा म्हणजे तुझी नाणेकरवाडीतली सर्वांत जवळची. परभणीकडची, विशीतली पोर, नवरा दत्ता एका कारखान्यात वेल्डिंगला. पहिलं बाळ, जवळ ना आई ना सासू. बाळाला अंघोळ कशी घालायची इथपासून तू तिला शिकवलंस. ती तुला एकदा म्हणाली होती, "बाई, तुमच्या देवाला बी सांगा माझ्या लेकराचं." तेवढंच. तिनं तिचा देव सोडला नव्हता आणि तू तिला सोड म्हटलं नव्हतंस.

सहा वर्षांपूर्वीच्या त्या पत्रात मी तापाची आणि आल्याच्या चहाची ओळ काढली. तिथं लिहिलं, 'बाळाच्या बरे होण्यातून सुनंदाने प्रभूचे सामर्थ्य पाहिले आणि आपले जीवन त्याला अर्पण केले.' खाली तिचा, बाळाचा आणि तुझा फोटो. संस्थेच्या ऑफिसातून 'फळ काय मिळालं?' असं दर महिन्याला विचारत होते. मला वाटलं, एकदा तरी माझ्या आईचं पत्र वाचून कुणी वा म्हणावं. तू बसला निघाली होतीस, चष्मा दुरुस्तीला दिलेला. दारात चपला घालता घालता विचारलंस, "एस्तू, मी लिहिलं तसंच आहे ना?"

मी म्हणाले, "हो."

पत्राचं कौतुक झालं. इतकं झालं की लोकांनी ते पुढं पाठवलं, त्यांनी आणखी पुढं. फिरत फिरत ते दत्ताच्या शिफ्टमधल्या एकाच्या मोबाइलवर आलं. त्यानं जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर दत्ताला दाखवलं. पुढच्या बुधवारी तू गेलीस तेव्हा दत्ता दारात उभा होता. काय झालं ते घरी येऊन तू मोजक्या शब्दांत सांगितलंस. तो म्हणाला, आम्हाला इचारलं का? गावाकडं बापाला काय सांगू? आणि तू म्हणालीस, चूक माझी आहे.

मी तुझ्यावरच ओरडले. "खोटं कशाला बोललीस? लिहिलं मी होतं."

"खाली सही माझी होती."

"मी जाऊन सांगते त्यांना."

"सांग," तू म्हणालीस.

एवढंच. रागावली नाहीस, रडली नाहीस. मला वाटतं, त्या दिवशी चप्पल भिरकावली असतीस तर बरं झालं असतं. मी पुढच्या बुधवारी जाणार होते, तर ऑफिसात मीटिंग निघाली. त्याच्या पुढच्या बुधवारी सुनंदा तिथं नव्हतीच. सासऱ्यानं तिला बाळासकट गावाला बोलावून घेतलं होतं. आठ महिने दत्ता इकडं एकटा, ती तिकडं. ती परत आली तोवर माझं लग्न ठरलं, मी पिंपळे सौदागरला राहायला गेले. मग इतके दिवस झाल्यावर आता काय सांगायचं, असं झालं. तू पुन्हा एकदाही विचारलं नाहीस.

तू मात्र तुझ्या बाजूचं सगळं केलंस. दुसऱ्याच आठवड्यात स्वतःच्या हातानं पत्र लिहून, माझ्याकडं न देता, पप्पांकडून फोटो काढून पाठवलंस. 'मागच्या पत्रात सुनंदाबद्दल लिहिलेलं खरं नाही. तिनं असं काही केलेलं नाही. मागचं पत्र जसं पुढं पाठवलंत तसं हेही पाठवा.' ते कुणीही पुढं पाठवलं नाही.

आणि मग तुझा तो नियम आला. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला आधी वाचून दाखवायचं. चुकलं असेल तर तो सुधारेल, नको असेल ते काढायला सांगेल, ते काढायचं. त्यानं हो म्हटल्यावर पत्र जाणार. महिन्याचं पत्र दीड-दीड महिन्यानं निघू लागलं. संस्थेच्या ऑफिसचे लोक कुरकुरले. "उशिरा गेलं तर देवाला कळायचं राहतं का?" असं तू त्यांना फोनवर सुनावलंस. तू कागद घेऊन खोली खोली फिरायचीस आणि संध्याकाळी सुधारलेला कागद माझ्यापुढं ठेवायचीस. ताप नव्हता, गोवर होता. मुलगी तिसरी नव्हे, दुसरी. एका म्हातारीनं स्वतःचं नाव आलेली ओळ तीनदा वाचून घेतली आणि कागदाला हात लावून पाहिला. एक जण म्हणाली, नवऱ्याच्या दारूचं काढा बाई, त्यानं सोडलीय. कधीपासून? तर सोमवारपासून. तू ती ओळ काढलीस. आपण दोघी स्वयंपाकघरात इतक्या हसलो की पप्पा विचारायला आले.

तुझी ती पत्रं आता मी पहिल्यापासून वाचते आहे. मला वाटायचं त्यांत काही घडत नाही. किती घडत होतं, आई! तू मला लिहायला शिकवत होतीस आणि मी तुझं टाइप करून देते आहे अशा तोऱ्यात होते. याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आता मानते.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तू एका दुपारी विचारलंस, "आज बुधवार का?" मी म्हटलं, हो. "नाणेकरवाडी राहिली," म्हणालीस. खिडकीतून ऊन तुझ्या पायांवर आलं होतं आणि मी चादर सारखी करत होते. तेव्हा माझ्या अगदी ओठांवर आलं होतं की आई, मी जाते, मी सांगते सुनंदाला. तू माझ्याकडं बघत होतीस. नर्स आली, सलाइन बदललं, आणि मी नर्सशी बोलत राहिले. इतकी वर्षं मला वाटत होतं की तू माझी चूक स्वतःवर घेऊन मला वाचवलंस. त्या दुपारी कळलं की तू मला वाचवलं बिचवलं नव्हतंस, तू माझी वाट बघत होतीस. आणि तरी मी बोलले नाही.

मातीला सुनंदा आली होती. सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली, ती फाटकापाशीच उभी राहिली. डोक्यावर पदर. आत यायचं की नाही हे तिला कळत नव्हतं, आणि हात करून तिला आत बोलावणं माझं काम होतं. मी पप्पांचा हात धरून दुसरीकडं पाहिलं. नंतर फाटकाकडं गेले तेव्हा ती बस पकडायला निघून गेली होती.

पुढच्या आठवड्यात संस्थेतून फोन आला. सहकाऱ्यांना शेवटचं पत्र तुम्हीच लिहा, आईचं काम थोडक्यात येऊ द्या. मी लिहायला बसले. टाइप केलं नाही, फुलस्केपवर लिहिलं. तू गेल्याचं लिहिलं, सात बायांचं लिहिलं, आणि मग सहा वर्षांपूर्वीचं ते पत्र मी बदललं होतं, सुनंदाबद्दलचं खोटं माझं होतं, आईचं नव्हतं, तेही लिहिलं. लिहून झाल्यावर तुझा नियम आठवला. पप्पांनी पत्र वाचलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "वाचून दाखवायला जावं लागेल तुला." मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "भोसरीला बस बदल. मोशीला फार ट्रॅफिक असतं, लवकर निघ."

बुधवारीच गेले. सुनंदाची खोली तीच. मला पाहून ती दारात थबकली, मग पाणी दिलं, सतरंजी टाकली. मी म्हटलं, "एक पत्र वाचून दाखवायचंय." तिला नियम माहीत असावा, शेजारणींकडून. ती समोर बसली. मी वाचत गेले. वाचून झालं. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ द्या ताई, झालं गेलं. तसं काही ती म्हणाली नाही.

"म्हंजी बाईंनी लिवलंच न्हवतं?"

"नाही."

"सा वर्सं, ताई." तिचा आवाज चढला. "बाई तिकडं शेजारणीकडं यायच्या. नळावर दिसल्या की इचारायच्या, बरी हाईस का. मी तोंड फिरवून निघून जायची. लेकरू धावत जायचं त्यांच्याकडं तर मी त्याला वढून आणायची. मी काय काय बोलले आसंल त्यांच्या मागं! तुमी एकडाव यायचं की वं."

मी फक्त "चुकलं," एवढं म्हटलं. ते फार लहान वाटलं.

तिनं मला जाऊ दिलं नाही. "ह्यांची फस्ट शिफ्ट हाय. येतील चारला. त्यांना बी वाचून दावा." मी बसून राहिले. तिनं चहा केला. आलं घातलं होतं. आम्ही दोघी तो प्यालो.

दत्ता आला, हातपाय धुऊन दाराशी बसला. मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तो जमिनीकडं बघत ऐकत होता. संपल्यावर त्यानं मान वर केली.

"मागचं ते पत्र तुमीच लिवलेलं. पक्कं?"

"हो, दादा."

"मग बाई माझ्या पाया का पडल्या?"

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय. त्यानं बोटानं दाखवलं, या इथं, दाराबाहेर, या फरशीवर. सगळी चाळ बघत होती. बाई वाकल्या आणि दोन्ही हात माझ्या पायांवर ठेवले. म्हणाल्या, सुनंदाला बोलू नको, चूक माझी हाय.

आई, तू हे आम्हाला सांगितलं नाहीस. पप्पांनाही नाही. ज्या बाईनं भर मांडवात मामांना फुगवलं पण आपल्या पोरीला वाकू दिलं नाही, ती त्या फरशीवर वाकली, तेही मी दारात तुला 'हो' म्हणाले म्हणून. मी त्या खोलीत रडले. आवाज करून रडले, शोकसभेत रडू आलं नव्हतं तेवढं. सुनंदानं माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, पण उठून दार लोटून घेतलं, म्हणजे बाहेरचे बघणार नाहीत.

मग दत्ता म्हणाला, "ताई, त्यात एक राहिलंय. ते लिवा."

मी पेन काढलं.

"बाई माझ्या आईच्या वयाच्या. त्या पाया पडल्या आन मी पाय मागं घेतले न्हाईत. तसाच हुबा राहिलो. हे बी लिवा. माझं नाव घालून लिवा."

मी लिहिलं. त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, आता बराबर हाय. सुनंदानं तिची एकच ओळ सुधारली. मी लिहिलं होतं की तिनं बाईंसाठी दार कायमचं बंद केलं. ती म्हणाली, "कायमचं काढा. मी माती द्यायला येनार व्हते. आत कुनी बोलावलं न्हाई." ते शब्द मी माझ्या हातानं पत्रात घातले.

मी काल पुन्हा गेले आणि तिला कबरस्तानात घेऊन आले. माती केव्हाच बसली आहे, पप्पांनी कडेनं विटा लावल्यात. तिनं बाजूची एक मूठ उचलली आणि टाकली. तुला हे दिसलं असेल तर ठीक, नसेल म्हणून सांगितलं.

आता एकच माणूस राहिलं. सहकाऱ्यांना जाणाऱ्या पत्रात सर्वांत जास्त तुझ्याबद्दल आहे, आणि नियमाप्रमाणे ते तुला वाचून दाखवल्याशिवाय पाठवता येत नाही. पाया पडल्याचं तू सहा वर्षं कुणाला सांगितलं नाहीस, म्हणजे तुला ते नको असणार. दत्ताला ते हवं आहे. मलाही हवं आहे. एरवी आपण यावर तासभर भांडलो असतो, तू भाकरी उलटता उलटता मला गप्प केलं असतंस. मला त्या भांडणाची फार आठवण येते, आई. घरी सातच्या प्रार्थनेला आता मी पप्पांकडं जाते. नाणेकरवाडीची नावं मी घेते, सातही. पप्पा हल्ली मधेच आमेन म्हणत नाहीत.

तर येत्या बुधवारी सकाळी मी कागद घेऊन कबरीपाशी येते. 'प्रभूच्या नावानं सलाम' इथपासून सगळं सावकाश वाचते. चुकलं असेल तिथं मला थांबव. नाही थांबवलंस तर दुपारी पाठवते. खाली सही माझी आहे.